थेंबुली परीचे अर्धे वर

गाढवीला सगळ्यांदेखत ‘आत्याबाई’ म्हणायला लागू नये, एवढ्यासाठी हौसानं अख्खा ओढा नासवला.

झालं असं. डोंगराच्या पायथ्याशी झरेवाडी नावाचं इवलंसं गाव होतं आणि गावातून हसरा नावाचा ओढा वाहायचा. खडकांवरून उतरताना तो खुदूखुदू आवाज करायचा, म्हणून हसरा. एका दुपारी त्याच्या बंधाऱ्यावर पाय सोडून दोघी बसल्या होत्या. एक हौसा, वय नऊ, गुडघ्यावर बारा महिने एक तरी खपली. दुसरी शेवंती, दुकानदाराची लेक, डोक्यात दोन लाल रिबिनी आणि कमरेवर दोन हात.

शेवंतीच्या बापाच्या दुकानामागं कपडे धुवायच्या गुलाबी पावडरीची एक गोणी ओली होऊन दगडासारखी बसली होती. तो ती टाकूनच देणार होता. शेवंती म्हणाली, ही सगळी बंधाऱ्यावरून ओतली तर ढगाएवढा फेस होईल, पण तुझ्यात कुठं आलाय दम. हौसा म्हणाली, आहे. शेवंती म्हणाली, नाहीये. आणि नसला, तर उद्या पारावर भिकूतात्यांच्या गाढवीला वाकून नमस्कार करायचा आणि ‘आत्याबाई, बऱ्या आहात ना’ असं मोठ्यानं विचारायचं.

शहाण्या पोरीनं नमस्कार करून टाकला असता. दोन मिनिटं लोक हसले असते, विषय मिटला असता. पण हौसाला कुणी ‘तुला नाही जमणार’ म्हटलं की तिच्या कानात मधमाश्या शिरायच्या. दोघींनी गोणी फरफटत बंधाऱ्यावर आणली. शेवंतीनं काठीनं ढेकळं फोडली, हौसानं गोणी उचलून उलटी केली.

आणि काय फेस झाला म्हणता. आधी वाटीएवढा, मग हंड्याएवढा, मग गोठ्याएवढा. पांढरा, गुलाबी, मध्येच मोरपिशी. लाखो चिमुकले फुगे, आणि प्रत्येक फुग्यात एक एक चिमुकला सूर्य. वाऱ्यानं फेसाचे गोंडे उडायला लागले, तसं दोघींना हसून हसून पोट धरायची वेळ आली. फेस डुलत डुलत ओढ्यातून खाली गेला, वळणावर पाटात शिरला आणि दिसेनासा झाला.

पाट कुठं जातो, हे हसण्याच्या नादात हौसाच्या डोक्यातच आलं नाही. पाट जात होता तिच्याच घराकडं.

हौसाचं घर म्हणजे एक खोली, एक चूल आणि एक आई. बाप नव्हता. शेतही नव्हतं. होता फक्त अळूचा वाफा, ओढ्याच्या कडेला, अंगणाएवढा. त्यातली पानं म्हणजे हत्तीचे कान. रोज पहाटे आई ती खुडायची, दहा दहा पानांच्या जुड्या बांधायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारला जायची. अळू विकला की घरात पीठ यायचं. नाही विकला की मायलेकी अळूचंच फदफदं करून खायच्या आणि आई म्हणायची, बघ, राजाच्या घरीसुद्धा इतकं हिरवं ताट नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वाफ्यात गेली आणि तिथंच खाली बसली. हत्तीचे कान माना टाकून पडले होते. कडा करपलेल्या, पोटात पिवळे डाग, देठ मऊ. पाटात फेसाचा राखाडी चिखल साचला होता. त्यातून वाट काढता काढता आईच्या हातांवर लाल लाल पुरळ उठलं. ओढ्यावर गेलेल्या बायकांचे पाय खाजायला लागले. इवले मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. आणि हसरा हसत नव्हता. बेडूकसुद्धा चिडीचूप.

आईनं पुरळ उठलेले हात पदरात झाकले आणि शांतपणे म्हणाली, “ज्यानं हे केलं, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही.”

हौसानं तोंड उघडलं होतं ते मिटून घेतलं. सांगायचं तर होतं. पण आईनं तोंडच बघितलं नाही, तर राहायचं कुणाकडं?

संध्याकाळच्या आत पारावर सगळी माणसं जमली. कुणी केलं, कुणी केलं, असं चाललं होतं. आता गावात ओढ्यावर धुणारा माणूस एकच, भिकूतात्या परीट. पांढऱ्या मिश्या, वाकलेली पाठ आणि बरोबर ती गाढवी. ओढ्यातल्या सपाट काळ्या दगडावर त्याचा आजा धुवायचा, बाप धुवायचा, आता तो. कुणीतरी म्हणालं, परवा माझं धोतर फारच पांढरं आलं होतं. लगेच दुसऱ्याला आपली टोपी आठवली. तात्यांनी कसलंतरी शहरातलं औषध आणलंय, असं ठरून गेलं. तात्या सांगत होते की बाबांनो, मी रिठ्याशिवाय कशाला हात लावत नाही, पण ज्याची बोंब मोठी त्याचं खरं.

सरपंच यमुनाकाकूंनी निवाडा दिला. तात्यांनी आठ दिवस ओढ्यात पाय घालायचा नाही. आठव्या दिवशी पुन्हा सगळे जमतील आणि मग तो दगड ओढ्यात ठेवायचा की पहारीनं उपटून फेकायचा, ते बघू. दगड गेला म्हणजे तात्यांचं काम गेलं, गाव गेलं, सगळंच गेलं.

तात्या गाढवीच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. शेवंती गर्दीतून हौसाकडं बघत होती. हौसा जमिनीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी कोवळं ऊन पडलं, तशी हौसा करपलेल्या वाफ्यात शिरली. रडायला नव्हे. रडून काय होणार. एखादं तरी धड पान मिळतंय का ते बघायला. वाफ्याच्या पार टोकाला एक इवलंसं पान शाबूत होतं, पोपटी, मखमली. त्यावर एक टपोरा थेंब होता. आणि थेंबाला उचकी लागली होती.

हिक्. थेंबातून एक साबणाचा फुगा निघाला आणि फुटला. हिक्. अजून एक.

हौसा नाक लावून बघते तर तो थेंब नव्हताच. ती परी होती. करंगळीच्या नखाएवढी. अंगात गोकर्णाच्या निळ्या पाकळीचा झगा, पायात मोहरीच्या दाण्यांचे पैंजण, चतुरासारखे चार चमचमते पंख. पण पंख एकमेकांना चिकटलेले आणि चेहरा अगदी फिकट.

“कोण गं तू?” हौसानं हळूच विचारलं.

“मी थेंबुली,” परी म्हणाली. “अळवावर राहते. सगळ्यांना वाटतं अळवावरचं पाणी घसरून जातं. सगळं नाही घसरत, मी राहते. हिक्. परवा इतका साबण प्यायले ना सोन्या, की आता उडताच येत नाहीये.”

हौसानं ओंजळ केली, परीला अलगद उचललं आणि माठातलं स्वच्छ पाणी काडीनं पाजलं. घरात सकाळचा भाकरीचा चतकोर होता, त्यातला कण मोडून भरवला. खरं तर हौसाच्या पोटात कावळे ओरडत होते, पण परीनं कण मागितला तर तिनं दोन दिले.

थेंबुली हसली आणि तिच्या गालावर बारीकसा चांदणचुरा चमकला. ती म्हणाली की परीला कुणी भुकेल्या पोटी भरवलं तर तीन वर द्यावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण नियम आहेत. वर एकटीसाठी मागायचा नाही, घरादाराला पुरेल असा मागायचा. आणि परी फक्त अर्धं काम करणार, उरलेलं अर्धं मागणाऱ्यानं आपल्या हातांनी करायचं.

“एवढेच नियम?” हौसा म्हणाली.

“अजून एक आहे. तो वेळ आली की सांगायचा, असा नियम आहे.”

हौसाला काय, घाई. ती डोळे मिटून म्हणाली, “हसरा ओढा स्वच्छ होऊ दे.”

थेंबुलीनं बोटाची टिचकी वाजवली. हौसा धावत ओढ्यावर गेली आणि कपाळाला हात लावून बसली. परीनं शब्द अगदी तंतोतंत पाळला होता. मधोमध दोरी ताणावी तसा ओढा दोन भागांत वाटला होता. पलीकडचा अर्धा काचेसारखा नितळ, खालचे गोटे मोजता येतील असा. अलीकडचा अर्धा तसाच राखाडी, फेसाळ. एक मासा मधल्या रेघेवरून इकडं यायचा, शिंकायचा आणि परत तिकडं पळायचा.

“ही माझी बाजू झाली,” हौसाच्या खांद्यावरून थेंबुली म्हणाली. “ती तुझी.”

हौसानं परकराचा ओचा खोचला.

आधी तिनं चाळणीनं फेस काढायचा प्रयत्न केला. चाळणीतून फेस खाली आणि हौसा वेडी. मग टोपली घेतली, मग आईचं जुनं लुगडं ताणून बांधलं. दुपारपर्यंत हातभर पाणी साफ झालं आणि वरून पुन्हा फेस आला. ती चिखलात बसून ओठ चावत होती, तेवढ्यात काठावर भिकूतात्या येऊन उभे राहिले. ओढ्यात पाय घालायचा नव्हता, म्हणून चपला अगदी काठाच्या बाहेर ठेवून.

पाणी झाडून साफ होत नसतं पोरी, असं म्हणत त्यांनी काठावरूनच शिकवायला सुरुवात केली. ओढ्याच्या पात्रात आडवे आधी मोठे गोटे लाव, मग बारीक खडी, मग चुलीतला विझलेला कोळसा कुटून, मग जाड वाळू. पाणी त्यातून गाळून निघालं पाहिजे. आणि कडेनं कर्दळ लाव, दाट. कर्दळीची मुळं घाण धरून ठेवतात. पाण्याला घाई करायची नाही, त्याला हळूहळू चालवायचं.

हौसा गोटे वाहू लागली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. सकाळी दहिवर असताना यायची, ऊन कलेपर्यंत राबायची. गावातली पोरं काठावर बसून चिडवायची, की हौसाबाई ओढ्याला आंघोळ घालतायत, पावडर लावायची राहिली. पावडर शब्द ऐकून हौसाचे कान लाल व्हायचे, पण हात थांबायचे नाहीत. तिच्या कानात पुन्हा मधमाश्या शिरल्या होत्या, पण या वेळी कामाच्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कर्दळीच्या कांद्यांची पाटी आणून गुपचूप ठेवली. लाल रिबिनीचं टोक झुडपामागं दिसत होतं. हौसा म्हणाली, ये बाहेर, धर ही खडी. शेवंती आली, खडी धरली.

तात्या रोज काठावर यायचे. एकदा हौसानं त्यांना विचारलं की ज्यानं हे केलं त्याचा तुम्हाला राग नाही का येत. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“येतो की. पण तहान त्यालाही लागणारच ना पोरी. पाणी साफ झालं तर तोही पिईल. पिऊ दे.”

हौसाला वाटलं, आत्ता सांगावं. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले. मग तिला आईचे हात दिसले आणि शब्द घरंगळून पोटात गेले. पोटात ते गोट्यांसारखे जड झाले.

चौथ्या दिवशी कळलं की नुसता ओढा साफ करून भागत नाही. घराघरातल्या मोरीतून रोज थोडा थोडा गुलाबी फेस ओढ्यात येतच होता. मूठभर इथून, मूठभर तिथून. हौसानं एका दिवसात जे केलं, तेच सगळं गाव वर्षभर चिमटी चिमटीनं करत होतं.

तिनं थेंबुलीला दुसरा वर मागितला. घराघरात असं काहीतरी दे, की कपडे निघतील, भांडी निघतील आणि कुणाचे हात खाजणार नाहीत, मासे शिंकणार नाहीत.

थेंबुलीनं टिचकी वाजवली. रानात जुनं रिठ्याचं झाड होतं, वर्षानुवर्षं त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. त्याला फांदी फांदी वाकेल एवढे रिठे लागले, मधाच्या रंगाचे, उन्हात चकाकणारे, आणि टपटप टपटप खाली पडायला लागले. संपूर्ण रान सोनेरी गोट्यांनी भरून गेलं.

“अर्धं झालं,” परी म्हणाली.

उरलेलं अर्धं म्हणजे काय होतं ते ऐका. ते सगळे रिठे वेचायचे. बिया काढायच्या. सालं वाळवायची. घरोघर पोचवायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, लोकांना पटवायचं. पहिल्याच घरातल्या म्हातारीनं नाक मुरडलं, की फेस नाही तर ते धुणं कसलं, आमटीला फोडणी नसल्यासारखं. दुसऱ्या घरात सुनेला पटलं तर सासूला पटेना. शेवंतीच्या बापानं तर दुकानातूनच हात हलवला, की पुढं जा.

हौसा घरी आली, विचार केला आणि शाळेची सतरंजी मागून आणली. ही सतरंजी गावातल्या प्रत्येक माणसाच्या बुडाखालून गेली होती, पण पाण्याखालून कधी गेली नव्हती. रंग विचाराल तर वाळलेल्या शेणासारखा. पारासमोर मोठ्या घंगाळात तिनं रिठ्याचं कोमट पाणी केलं, सतरंजी भिजवली, एक टोक शेवंतीला दिलं, आणि दोघींनी तुडवली, घासली, आपटली, पुन्हा तुडवली. तमाशा बघायला सगळे जमले. पाणी काळं झालं. सतरंजी झटकून दोरीवर टाकली आणि सगळे जवळ सरकले.

सतरंजीवर लाल पट्टे होते. निळे पण होते. चाळीस वर्षं त्यावर बसून गावाला हे माहीत नव्हतं.

ती फोडणीवाली म्हातारी सगळ्यात आधी पुढं आली आणि ओटी पसरून म्हणाली, घाल गं दोन मुठी.

मात्र घंगाळातलं पाणी ओढ्यात ओतायला पोरं निघाली, तेव्हा तात्यांनी अडवलं. रिठा माणसाच्या हाताला गुणी, पण माशांना तोही सोसत नाही. ते पाणी मातीला द्यायचं, कर्दळीला, केळीला. तात्या स्वतः कपडे घरी रिठ्यात भिजवायचे, ते पाणी केळीच्या बुडाशी ओतायचे आणि ओढ्यात फक्त खळबळायचे. हे ऐकून एक दोघांनी मान खाजवली, पण पुढं कुणी काही बोललं नाही. आपलं चुकलं म्हणायला माणसाला वेळ लागतो. हौसाला ते चांगलंच माहीत होतं.

मग घराघरातून माणसं कामाला लागली. कुणी मोरीचं पाणी वळवून आळं केलं, कुणी त्यात अळू लावला, कुणी कर्दळ. भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. पोरं सकाळी उठून आळ्यांची पहारेकरी झाली. एका बापाला त्याच्याच पोरीनं दाढीचं पाणी ओढ्याकडं नेताना पकडलं आणि कान धरून नव्हे, पण करंगळी धरून परत आणलं. रात्रीच्या जेवणाला दारातला ताजा पाला कधी येतो याची सगळे वाट बघायला लागले, आणि हौसाच्या आईच्या हातांवरचं पुरळ आपोआप फिकं पडलं. आई म्हणाली, माझ्या लेकीच्या अंगात दहा माणसांचं बळ आलंय. हौसा हसली नाही.

सातव्या दिवशी बेडूक बोलला. आधी एक, मग वीस. ओढ्याच्या मधली रेघ पुसली गेली, इकडचं पाणी तिकडच्यासारखंच झालं, आरसपानी, चंदेरी. मासे शिंकायचे थांबले. आणि दुपारी खडकावरून उतरता उतरता हसरा ओढा खुदकन हसला. थेंबुलीची उचकी थांबली, तिचे चारही पंख सुटे झाले आणि त्यांतून इंद्रधनुष्याचे इवले तुकडे सांडले.

हौसाला वाटलं, सुटले. सगळं नीट झालं, आता कुणाला काही सांगायला नको.

आठव्या दिवशी सकाळी सगळे ओढ्यावर जमले. पाणी बघून खूष झाले. आणि मग एकजण म्हणाला, बघा, मी म्हणत नव्हतो? परीट आठ दिवस ओढ्यात उतरला नाही आणि पाणी साफ झालं. म्हणजे घाण कोणाची होती? सगळ्यांनी माना डोलावल्या. यमुनाकाकू म्हणाल्या, आता पुरावाच मिळाला. पोरीनं आठ दिवस वाहिलेलं ओझं, सगळंच्या सगळं, उलटं तात्यांच्याच डोक्यावर बसलं. चार गडी पहारी घेऊन काळ्या दगडाकडं निघाले.

हौसा वाफ्याकडं पळत सुटली. थेंबुली पानाच्या टोकावर बसून पंख वाळवत होती.

“तिसरा वर दे. सगळ्या गावाला विसर पडू दे. पावडर, फेस, कुणी केलं, काही आठवू नये. मग तात्यांचा दगड कोण काढेल?”

थेंबुलीनं टिचकी वाजवली नाही. ती हौसाच्या तळहातावर येऊन बसली.

“आता तिसरा नियम सांगायची वेळ आली. काही लपवायला म्हणून वर मागितलास, तर त्याला चिकटलेलं सगळंच जातं. फेस विसरले, तर ते कर्दळ का लावली ते विसरतील. रिठे विसरतील, आळी विसरतील. उद्या पुन्हा मोरीतून गुलाबी पाणी सुटेल. मागायचं का? तू मागशील तर मला द्यावं लागेल, बाळा.”

हौसा उभी राहिली. लांबून पहारीचा आवाज आला, दगडावर लोखंड, ठण्ण. तिनं वाफ्यातूनच तिकडं आईकडं बघितलं. आई गर्दीच्या कडेला उभी होती, टोपली कमरेवर. आईनं तोंड बघायचं बंद केलं तर? मग नाही बघणार. पण तात्यांनी दगड सोडून जायचं, आणि आपण त्यांनीच शिकवलेलं पाणी प्यायचं?

“नको,” ती म्हणाली. “मला आवाज दे. सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. माझा फुटतच नाही.”

“अर्धाच देता येईल.”

“अर्धा तर अर्धा.”

थेंबुलीला पानावर ठेवून हौसा धावली. गड्यांच्या हाताखालून शिरली आणि काळ्या दगडावर चढून उभी राहिली. तिकडं वाफ्यात थेंबुलीनं टिचकी वाजवली, आणि हौसाच्या गळ्यातून देवळातल्या घंटेसारखा आवाज निघाला. झाडावरचे पोपट उडाले, डोंगरानं तो झेलून परत पाठवला.

“हा ओढा तात्यांनी नासवला नाही. बंधाऱ्यावरून गोणीभर पावडर याच्यात ओतली, ती ओतणारी...”

आणि आवाज थांबला. परीचं अर्धं संपलं होतं.

सगळं गाव टक लावून बघत होतं. पहारी हवेत. यमुनाकाकूंनी विचारलं, कोण? सांग की, कोण? हौसानं तोंड उघडलं तर नुसती हवा. दगडाखालून ओढा खळखळत होता. आईची आणि तिची नजरानजर झाली. हौसानं नजर काढली नाही.

“मी,” ती म्हणाली. चिमणीएवढ्या आवाजात. “आई, मी.”

तेवढ्यात वाफ्यातून उजेड उठला. आधी पोपटी, मग सोनेरी, मग पांढराशुभ्र, जणू सकाळच पुन्हा एकदा उगवली. त्या उजेडात थेंबुली वर वर जाताना दिसली, चारही पंख लखलखत, एकही फुगा नाही, एकही उचकी नाही. तिनं हौसाकडं बघून हात हलवला आणि उन्हात ऊन मिसळावं तशी विरून गेली. आणि मातीतल्या मेलेल्या अळूच्या कांद्यांतून कोंब फुटले, सरसर सरसर. गुंडाळी सुटून पानं उलगडली, हत्तीच्या कानांएवढी, मग त्याहून मोठी. वाफा भरला, पाटाच्या दोन्ही कडा भरल्या. पानापानावर मोत्यासारखा एक एक थेंब. जन्मभर खुडलं तरी सरणार नाही असं ते हिरवं रान होतं.

पण आई तिकडं बघतच नव्हती. आई पाण्यातून सरळ दगडापर्यंत चालत आली. पुरळ गेलेले दोन्ही हात तिनं हौसाच्या गालांवर ठेवले आणि तिचं तोंड वर करून बघितलं. खूप वेळ बघितलं.

चारही गड्यांनी पहारी खाली ठेवल्या होत्या. तात्या काठावर उभे होते. आठ दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा ओढ्यात पाय घातला, आणि कुणी अडवलं नाही.

गर्दीच्या मागं मात्र गोंधळ चालला होता. मागच्यांना हौसाचं ते चिमणीएवढं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. ती फोडणीवाली म्हातारी कानाला हात लावून विचारत होती, की कोण म्हणाली, कुणी ओतली? शेवंती कोपरानं वाट काढत पुढं आली, दगडाजवळ पाण्यात येऊन उभी राहिली आणि रडत रडत म्हणाली की गोणी माझ्या दुकानातली होती, आणि डोकंही माझंच.

आता परी नव्हती, टिचकी नव्हती, घंटा नव्हती. हौसानं आईचे हात बाजूला केले, डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, स्वतःच्या आवाजात सांगितलं.

“मी ओतली. मी, हौसानं.”